लुक्कातला अडीच तासांचा वॉकिंग टूर: आम्ही लातूरकडचे पाच जण आणि दगड वाचायला शिकवणारी गाईड

आधी रेटिंग देऊन टाकतो, पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार का कापला ते पुढं लिहिलंय. इटलीला जाणाऱ्या आपल्या लातूर, धाराशिव, बीड, नांदेडकडच्या लोकांनी हे जरा सवडीनं वाचावं, कारण तिकडं जाणारे आपले बहुतेक लोक रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि पिसाचा कलता मनोरा एवढं करून माघारी येतात आणि पिसाहून ट्रेननं जेमतेम अर्ध्या तासावर लुक्का नावाचं गाव आहे तिकडं कोणी वळत नाही. आम्हीपण वळलो नसतो, पोरगी पिसाला शिकायला आहे म्हणून कळलं.

आम्ही पाच जण होतो, मी, आमची मंडळी, पोरगी, आणि उदगीरची माझी ताई आणि दाजी. माझा धंदा बांधकामाचा, लातुरात घरं बांधतो, त्यामुळं कुठंही गेलं की माझी नजर पहिली भिंतीवर जाते. दाजी शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेले. ताई दरवर्षी वारीला जाणारी. टूर इंग्रजीत होता, पोरगी मराठीत सांगत होती, त्यामुळं कोणाचं काही अडलं नाही. जुन्या गावात चालत फिरायचं आणि देवळांच्या, घरांच्या भिंतींवर ज्या खुणा आहेत त्या बघायच्या असा हा टूर आहे. गाईड लुक्काचीच, लायसन असलेली, साठीच्या आसपासची बाई.

तिची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आधीच सांगतो. ती आल्या आल्या माहिती सांगत नाही, आधी बघायला लावते. एका जागी उभं करणार, म्हणणार दोन मिनिटं बघा आणि मला सांगा इथं काय वेगळं दिसायलंय. आपण काहीतरी सांगितलं की त्यावरून पुढं. आणि दुसरं म्हणजे प्रत्येक गोष्टीला ती लेबल लावायची, हे कागदोपत्री आहे, हे लोक सांगतात, हा माझा स्वतःचा अंदाज. मी आजवर बऱ्याच ठिकाणी गाईड घेतलेत, सगळ्यांनी सगळं एकाच सुरात सांगितलं, त्यात खरं किती आणि रचलेलं किती काही कळायचं नाही. इथं तीन डबे वेगवेगळे. दाजींनी तर वहीत तसे तीन रकानेच पाडले.

सुरुवात मात्र बिघडली. ज्या साईटवरून बुकिंग केलं त्यांच्या मेसेजमधे भेटायची जागा एक आणि व्हाउचरवर दुसरी. आम्ही जूनच्या उन्हात पंचवीस मिनिटं चुकीच्या वेशीपाशी उभे, मंडळीचे गुडघे आधीच दुखत होते. शेवटी गाईडनंच फोन केला आणि स्वतः चालत आम्हाला घ्यायला आली, आणि ती पंचवीस मिनिटं शेवटी वाढवूनही दिली. म्हणून यात तिचा दोष नाही, पण स्टार कापला तो यासाठी आणि ताईच्या हेडसेटमधे शेवटपर्यंत खरखर होती त्यासाठी.

हो, वेस म्हणलं ते मुद्दाम. लुक्काला अख्ख्या गावाभोवती तटबंदी आहे, ४.२ किलोमीटर, १५०४ साली काम सुरू झालं आणि सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत चाललं. आजही पूर्ण शाबूत. वर एवढी रुंद आहे की झाडं लावलीत, लोक सायकली चालवतात, म्हातारी माणसं बाकावर बसलेली असतात. स्टेशनकडून आलं की सान पिएत्रो नावाची वेस लागते, १५६५ ची, तिच्या कमानीवर लॅटिनमधे एकच शब्द कोरलाय, लिबेर्तास, म्हणजे स्वातंत्र्य. हे गाव कित्येक शतकं स्वतंत्र गणराज्य होतं, १७९९ पर्यंत. एवढं तोफेला टिकेल असं बांधलं आणि या तटावर हल्ला कधी झालाच नाही. कामाला आली ती १८१२ साली, सेर्किओ नदीला पूर आला तेव्हा वेशी बंद करून गाव वाचवलं. तेव्हा नेपोलियनची बहीण एलिसा इथं राज्य करायची, ती बाहेर अडकली आणि तिला दोरानं वर ओढून तटावरून आत घेतलं असं सांगतात. गाईड लगेच म्हणाली, हा दुसरा डबा, लोक सांगतात. दाजींना नळदुर्ग आठवला, तिथं उलटं, बोरी नदीवर बंधाराच घातला आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल.

आता मुख्य. सान मार्तिनो म्हणजे गावातलं मोठं चर्च, कॅथेड्रल. तिनं समोर उभं केलं आणि विचारलं, काय चुकलंय? मला लगेच दिसलं, खाली तीन कमानी आहेत आणि उजवीकडची कमान बाकी दोघींपेक्षा अरुंद आहे. त्या बाजूला चिकटून घंटेचा मनोरा उभा आहे. मी म्हणलं मनोरा आधीचा असणार, जागा कमी पडली म्हणून कमान दाबून घेतली. बाईनं टाळी वाजवली. खरंच तसंच आहे, मनोरा आधीचा, हा दर्शनी भाग १२०४ सालचा, ग्विदेत्तो नावाच्या कारागिराचा, आणि त्याचं नाव आणि साल वरच्या एका खांबाजवळच्या माणसाच्या हातातल्या पट्टीवर कोरलंय. आठशे वर्षांपूर्वी साईटवर जी अडचण आली ती त्यानं लपवली नाही, तशीच समोर ठेवली. आज प्लॉट तिरका निघाला की आम्ही काय काय करून तो झाकतो, ते मला आठवत होतं.

वर बारीक खांबांच्या रांगा आहेत आणि एक खांब दुसऱ्यासारखा नाही. एक पिळाचा, एक नागमोडी, एकाला गाठ मारल्यासारखी, एकावर हिरव्या-पांढऱ्या दगडाची नक्षी. गोष्ट अशी सांगतात की गावानं दवंडी पिटली, ज्याचा खांब सगळ्यात भारी त्याला काम. सगळ्या कारागिरांनी जीव ओतून एकेक खांब करून आणला आणि गावानं सगळेच ठेवून घेतले, पैसे कोणालाच दिले नाहीत. दुसरा डबा. पण मी त्या खांबांकडं बराच वेळ बघत होतो. नमुन्याचं काम करून घ्यायचं आणि मग फोन उचलायचा नाही हे आमच्या धंद्यात आजही होतं, त्यामुळं गोष्ट खरी असो नसो, ती सांगणारा कोणीतरी कारागीरच असणार असं मला वाटतं.

आणि मग त्या मनोऱ्याजवळच्या खांबावर, डोळ्यांच्या उंचीला, एक भूलभुलैया कोरलाय. ताटापेक्षा थोडा मोठा, गोल. याच्यासाठी एकट्यासाठीसुद्धा मी परत जाईन. शेजारी लॅटिनमधे ओळी कोरल्यात, त्याचा अर्थ असा, क्रीट बेटावरच्या डेडालसनं बांधलेला भूलभुलैया तो हाच, आत गेलेला कोणी बाहेर आला नाही, एक थीसियस सोडून, तोही आरियाद्नेनं दिलेल्या दोऱ्यामुळं. चर्चच्या दारात ग्रीक लोकांची जुनी गोष्ट. मधोमध कधीकाळी मूर्ती कोरलेली होती, ती आता दिसत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी शेकडो वर्षं बोट फिरवून फिरवून झिजवून टाकली, आपल्याकडं महादेवाच्या देवळातल्या नंदीची पाठ कशी हातानं गुळगुळीत होते तशी. दाजी म्हणाले हे आपल्या देवगिरीच्या अंधारीसारखं की, शत्रू आत शिरला की भरकटला पाहिजे.

गाईड म्हणाली बोट न लावता हवेतून वाट काढा आणि किती ठिकाणी चुकता ते सांगा. आमच्या मंडळीनं बोट धरलं आणि हळूहळू फिरवत राहिली. कुठंच चुकली नाही. दोनदा करून बघितलं. मग पोरीला म्हणाली, "विचार गं तिला, यात फाटाच कुठं नाही, सरळ मधापर्यंत जाता येतं, मग त्या बाबाला दोरा कशाला लागला?"

पोरीनं सांगितलं आणि ती बाई दोन पावलं मागं सरकून मंडळीकडं बघायला लागली. म्हणाली इतक्या वर्षांत फार थोड्या लोकांनी हे विचारलंय. गोष्ट भरकटवणाऱ्या भूलभुलैयाची आहे पण चित्र एकाच वाटेचं आहे. फ्रान्सला शार्त्रच्या चर्चमधे फरशीवर असाच आहे, अकरा वेढ्यांचा, त्यातही फाटा नाही. वाट सारखी वळते, मध्याच्या अगदी जवळ नेते आणि परत कडेला फेकते, पण चालत राहिलं तर पोचवतेच. मग तिनं तिसरा डबा उघडला, म्हणाली हा माझा अंदाज आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणांचा, की हे यात्रेकरूंसाठी असावं. इंग्लंडच्या कँटरबरीपासून रोमपर्यंत पायी जायची जुनी वाट आहे, व्हिया फ्रान्चिजेना, ती लुक्कातून जाते. ९९० साली सिगेरिक नावाचा तिकडचा आर्चबिशप रोमहून माघारी चालत गेला, त्याच्या मुक्कामांची यादी आजही आहे आणि त्या यादीत लुक्काचं नाव आहे. हा पहिला डबा.

ताई एवढा वेळ गप्प होती. ती म्हणाली, वारीत पण असंच असतंय, पंढरपूर जवळ आलं आलं म्हणतो आणि वाट वळसा घेते. पैठणहून नाथांची पालखी निघते ती बीड, धाराशिवकडून फिरत फिरत जाते, नकाशावर बघितलं तर माणूस म्हणल एवढं फिरायचं कशाला. पोरीनं हे सगळं नीट सांगितलं. बाईनं आपल्या वहीत लिहून घेतलं, पैठणचं स्पेलिंग विचारून.

तिथंच आत दारांच्या बाजूला बारा महिन्यांची बारा चित्रं कोरलीत, ती पण चुकवू नका, बरेच लोक तशीच पुढं जातात. जानेवारीत माणूस शेकोटीला बसलाय, जुलैत मळणी, सप्टेंबरात द्राक्षं तुडवायलेत, नोव्हेंबरला औत, डिसेंबरला डुक्कर कापायलेत, तिथं ताईनं तोंड फिरवलं. मळणी मात्र तिनं सगळ्यांच्या आधी ओळखली, काही न वाचता. बाईनं विचारलं तुमच्याकडं डिसेंबरला काय कोरलं असतं? ताई म्हणाली येळवस. मग आम्हा सगळ्यांनाच उत्साह आला, ज्वारीच्या रानात कडब्याची कोप, आत पांडवांची पूजा, आंबील, भज्जी, गावं रिकामी आणि रानं माणसांनी भरलेली, हे सगळं चर्चच्या दारात उभं राहून सांगितलं. आपल्या लातूर-धाराशिवकडचा एवढा मोठा सण, पण आपल्याच राज्यात पुण्याच्या पलीकडं कोणाला सांगायचा तर सुरुवातीपासून सांगावा लागतो, तिथं पण तसंच सांगितलं.

आत यकोपो देल्ला क्वेर्चाचं इलारिया देल कार्रेत्तोचं संगमरवरी शिल्प आहे, १४०५ ला बाळंतपणानंतर वारलेली तरुण बाई, झोपलीय असं वाटतं, पायाशी कुत्रं, ते निष्ठेची खूण. त्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं आणि टूरमधे धरलेलं नाही. आम्ही टूर संपल्यावर गेलो. जावंच.

आता जे कुठल्याही ब्रोशरमधे नाही ते. गल्लीतून चालताना मला घरांच्या भिंतींवर मजल्याच्या पातळीला लोखंडाच्या पट्ट्या दिसायला लागल्या, कुठं उभी, कुठं फुलीसारखी, कुठं इंग्रजी एस सारखी. पोरगी म्हणाली डिझाईन असेल. मी म्हणलं डिझाईन नाही हे, आत सळई आहे. बाईला विचारलं आणि ती एकदम थांबली, म्हणाली टूरिस्ट लोक चिन्हं शोधत येतात आणि या गावातलं सगळ्यात जास्त वेळा दिसणारं चिन्ह कोणालाच दिसत नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या आरपार लोखंडी सळई जाते, तिला त्यांच्याकडं साखळी या अर्थाचा शब्द आहे, कातेना, आणि बाहेर जी पट्टी दिसते ती सळईच्या टोकाची चावी. कमान, घुमट किंवा वरचा मजला भिंतीला बाहेर ढकलतो, सळई दोन्ही भिंतींना एकमेकींशी धरून ठेवते. भूकंपात तर तीच वाचवते. लुक्काच्या वर डोंगरात गार्फान्याना म्हणून भाग आहे, ७ सप्टेंबर १९२० ला तिथं मोठा भूकंप झाला होता, त्यामुळं इथल्या लोकांना हे आजोबांकडून माहीत असतं.

मी तिला ३० सप्टेंबर १९९३ सांगितला. किल्लारी. तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, पहाटे चारच्या आत सगळं संपलं. तिसऱ्या दिवशी मी काकांबरोबर औसा तालुक्यातल्या आमच्या पाहुण्यांच्या गावाला दगड उचलायला गेलो होतो. आपल्याकडची घरं बघा कशी होती, दोन-अडीच फुटाची दगडी भिंत, आतला थर वेगळा बाहेरचा वेगळा, मधे चिखल आणि खडी, दोन्ही थरांना जोडणारा आरपार दगड नाही, आणि वर माळवद, मातीचा थर वर्षाला वाढतच जायचा. हलवल्याबरोबर भिंतीचे दोन थर फाटून अलग झाले आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. भिंत जाड होती म्हणून सगळ्यांना ती मजबूत वाटायची. नंतर शिकलो, आरपार दगड, लिंटेलच्या, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या आडव्या तुळईच्या पातळीला चारी भिंतींना बांधणारा पट्टा, कोपऱ्यात सळया. आज मी कोणाचंही घर बांधताना पट्ट्यात काटकसर करू देत नाही, मालकाशी भांडण झालं तरी.

लुक्काच्या त्या गल्लीत शेकडो वर्षांच्या घरावर ती फुली बघून मला खूप वेळ बोलता आलं नाही. दाजींनी खांद्यावर हात ठेवला. बाईनं घाई केली नाही. मग पुढच्या अर्ध्या तासात ती प्रत्येक चावी मला दाखवत गेली, ही नवी, ही जुनी, ही चुकीच्या जागी बसवलीय. तिच्या टूरमधे हे नव्हतं, ती ते आमच्यासाठी करत होती. तुम्ही बांधकामातले असाल, इंजिनिअर असाल, नाहीतर औसा-उमरगा भागातले असाल तर आधीच तिला सांगा की चाव्या दाखव.

ग्विनिजी मनोरा लांबूनच दिसतो, साधारण ४५ मीटर उंच आणि टोकावर झाडं, खरीखुरी ओकची झाडं. वर विटांचा हौद करून त्यात माती भरलीय. एकेकाळी गावात शंभरावर मनोरे होते, प्रत्येक श्रीमंत घराण्याचा आपला, झाडवाला मात्र हा. झाडं म्हणजे घराणं पुन्हा पालवणार अशी खूण, आणि १४३० ला पाओलो ग्विनिजीची सत्ता गेली तेव्हा पानं गळून पडली अशी गोष्ट आहे. दोनशेच्या वर पायऱ्या, तिकीट वेगळं, मी आणि पोरगी चढलो, बाकी तिघं खाली सावलीत बसले. गुडघ्यांचा त्रास असेल तर नका चढू, खालून पण छान दिसतं.

मग आम्फितेआत्रो. इथं पण तिनं आधी मैदानात नेलं नाही, मागच्या गल्लीत नेलं आणि घरांची मागची भिंत दाखवली. रंगवलेल्या भिंतीत मधेच जुन्या विटा आणि दगडाच्या कमानी अर्ध्या बुजलेल्या, त्यांच्यावर खिडकी, खिडकीत वाळत घातलेले कपडे. या कमानी रोमन लोकांच्या. इथं रोमन आखाडा होता, साधारण दहा हजार लोक बसायचे. रोमन गेले, लोकांनी दगड नेले, राहिलेल्या कमानींमधे घरं केली, आतली जागा कोठारं-बिठारं होऊन भरून गेली. १८३० च्या सुमारास लोरेंत्सो नोत्तोलिनी या वास्तुरचनाकारानं आतलं सगळं मोकळं केलं तेव्हा हा लांबट गोल चौक तयार झाला. गल्लीतून कमानीखालून आत गेलं की एकदम सगळीकडून गोल घरं, एकही कोपरा नाही. रोमन जमीन आपल्या पायाखाली तीनेक मीटर खोल. म्हणजे आखाडा दिसत नाही पण त्याचा आकार घरांनी धरून ठेवलाय. मधोमध फरशीवर बारीक फुली आहे, लोक तिच्यावर उभं राहून आईसक्रीम खातात आणि त्यांना कळत पण नाही, तिथून चारही दारांची दिशा सापडते.

दाजी इथं खुलले. त्यांनी तेर सांगितलं. धाराशिवजवळचं तेर, जुनं नाव तगर, रोमन काळातल्या ग्रीक खलाशाच्या व्यापारी नोंदींच्या पेरिप्लसमधे पैठण आणि तगर दोन्हींची नावं आहेत, इथला माल बंदरावर जायचा. १९३८ ला पॉम्पेईच्या खोदकामात हस्तिदंताची एक बाहुली सापडली, ती भारतातली, आणि तिच्याशी मिळतीजुळती बाहुली तेरला आणि भोकरदनला सापडलीय. पॉम्पेई इ.स. ७९ ला राखेखाली गेलं, म्हणजे त्याआधी आपल्याकडचं कोरीवकाम इटलीत पोचलेलं होतं. आणि तेरचं त्रिविक्रमाचं देऊळ, विटांचं, मागून गोलाकार, ते मुळात बौद्ध चैत्य होतं. लोकांनी देव बदलला, आकार तसाच ठेवला. बाई म्हणाली मग तुमचं तेर आणि माझा आम्फितेआत्रो एकाच घरातले. दाजींनी मोबाईलवर फोटो शोधला, नव्हता. त्याची त्यांना फार खंत वाटली.

सान फ्रेदियानो चर्चच्या दर्शनी भागावर सोन्याचं मोझाइक आहे, संध्याकाळी बघा. आत झीता नावाच्या संत बाईचा देह काचेच्या पेटीत ठेवलाय. तेराव्या शतकातली, एका श्रीमंत घरची मोलकरीण. गरिबांना द्यायला ओच्यात भाकरी घेऊन निघाली, मालकानं अडवलं, ओचा उघडला तर फुलं. ताईनं ते ऐकलं आणि चप्पल काढून हात जोडले. म्हणाली ही तर आपली जनाबाई. गंगाखेडची जनी, नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी, तिच्याबरोबर विठ्ठल दळायला बसायचा. गाईडनं हे ऐकून घेतलं आणि झीताच्या दिवशी, एप्रिलच्या २७ ला, इथं फुलांचा बाजार भरतो ते सांगितलं. बाकी कोणी काही बोललं नाही.

शेवट सान मिकेले. पहिली गोष्ट कळते ती ही की समोरची भिंत मागच्या चर्चपेक्षा खूपच उंच आहे, मागं काही नाही, नुसती भिंत आकाशात. मागचं छत उंच करायचं होतं, पैसा पुरला नाही. वाऱ्यानं पडू नये म्हणून वरच्या भागात भरपूर लोखंड घातलंय, हे ऐकून मी परत मान वर केली. टोकावर मिकाएल देवदूत, चार मीटरचा, आणि दोन्ही बाजूंना दोन लहान देवदूत. एका देवदूताच्या बोटात हिरा आहे आणि ठरावीक जागेवरून तो चमकतो अशी दंतकथा. पोरगी आणि मी जागा बदलून बदलून बघत होतो, एकदा काहीतरी चमकलं. एकोणिसाव्या शतकात दुरुस्ती झाली तेव्हा खांबांवरची झिजलेली डोकी काढून नवीन बसवली, त्यात कवी दान्ते, इटली एक करणारे गारिबाल्दी आणि काव्हूर असे चेहरे आहेत. खालून साध्या डोळ्यांना नीट दिसत नाही, दुर्बीण नाहीतर मोबाईलचा झूम लागतो. लहान मुलं बरोबर असतील तर चेहरे शोधायला त्यांनाच लावा. पुच्चीनी हा संगीतकार पण याच गावचा, १८५८ ला जन्मला, त्याचं घर बघायला मिळतं, आम्ही बाहेरूनच बघितलं.

बाकीचं उपयोगाचं. सकाळचा स्लॉट घ्या, जून-जुलैत दुपारी अजिबात नको. पाण्याची बाटली ठेवा, गावात प्यायच्या पाण्याचे नळ आहेत. टूरमधे टॉयलेटसाठी एकच थांबा आहे तो पण कॅफेत, काहीतरी विकत घ्यावं लागतं. शाकाहारी लोकांचं अडत नाही. तिकडं बुक्केल्लातो म्हणून मनुके आणि बडीशेपेसारख्या वासाच्या बियांचा गोड ब्रेड मिळतो, लुक्काला येऊन तो खाल्ला नाही तर आलाच नाही म्हणतात, अंडं चालत नसेल तर आधी विचारा. इंग्रजी येणारं एक माणूस तुमच्यात पाहिजे, आणि मोठा ग्रुप करू नका, पाच-सहा जणांत ती जे बोलते ते वीस जणांत होणार नाही. ज्यांना नुसते फोटो काढून पुढं पळायचंय त्यांनी हा टूर घेऊ नये, अडीच तासांत आपण जेमतेम सात-आठ जागी थांबतो. आणि व्हाउचरवरची जागा आणि मेसेजमधली जागा आदल्या दिवशी जुळवून घ्या.

परत आल्यावर दुसऱ्याच रविवारी मी आणि दाजी तेरला गेलो. आधी गोरोबा काकांचं दर्शन घेतलं, लामतुरे म्युझियम बघितलं, मग त्रिविक्रमाच्या देवळाला मागून वळसा घातला. दाजींनी बरेच फोटो काढले, गोल भिंतीचे, विटांचे, आणि पोरीकडून नंबर घेऊन त्या बाईला पाठवले. रात्री उत्तर आलं. तिनं छान-बिन काही लिहिलं नव्हतं, तीन प्रश्न होते. विटेची लांबी, रुंदी, जाडी किती? गोल भागात वीट वाकवून केलीय का सरळ विटाच कोनात लावल्यात? समोरचा मंडप नंतर जोडलाय तर सांधा कुठं दिसतो?

मी तीसेक वर्षं विटा लावतोय आणि एवढ्या वेळा तेरला जाऊन हे एकदाही बघितलं नव्हतं. येत्या रविवारी टेप घेऊन परत जायचंय, ताई आणि मंडळी पण येणार म्हणायल्यात.